आपाचे २८ गुंठे

नाशिकमध्ये एके काळी ट्राम होती आणि ती घोडे ओढत, हे आज मुलांना सांगितले तर खरे वाटत नाही. १८८९ साली सुरू झालेली ही ट्राम मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून निघायची आणि नाशिकरोड स्टेशनला पोहोचायची. मधे सगळे रान. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. आमचे पणजोबा या ट्रामच्या घोड्यांचे मोतद्दार होते असे घरात सांगतात. त्यांच्यामागून आजोबांनी टांगा घेतला आणि स्टेशन ते पंचवटी अशा फेऱ्यांवर घर चालवले. रिक्षा आल्या तसा टांगा संपला. अब्बांनी तो विकला, गाठीचे पैसे घातले आणि दिंडोरीच्या बाजूला थोडी थोडी करत चार एकर जमीन घेतली. द्राक्षे लावली. पण दारात एक घोडी कायम राहिली. ती ना गाडीला जुंपायची, ना भाड्याने द्यायची. अम्मी विचारायची, हिचा उपयोग काय? अब्बा म्हणायचे, घरात सगळे उपयोगाचेच कशाला हवे?

तीन वर्षांपूर्वी अब्बांचे निधन झाले. मागे राहिली चार एकर जमीन, त्यात एक थकलेली थॉमसनची बाग, रस्त्याला लागून एक पत्र्याची शेड आणि एकोणीस वर्षांची घोडी.

वारस म्हणून अम्मी, आम्ही दोघे भाऊ आणि आमची मोठी बहीण. आम्ही तिला आपा म्हणतो. तिचे सासर शहरातच, वडाळ्याला. चाळीसाव्याच्या आतच आमच्या एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितले, आपाकडून हक्कसोड करून घ्या, सगळेच करतात, बहीण काय नाही म्हणते का? खरी गोष्ट आहे, बहिणी सहसा नाही म्हणत नाहीत. माहेर तुटेल या भीतीने सही करतात आणि मग ईदला मिळालेल्या साडीत समाधान मानतात. आपल्या समाजात नमाज-रोज्याबाबत काटेकोर असलेली कितीतरी घरे या एका कागदाशी येऊन सैल होतात. सूरह निसामध्ये वाटे इतके स्पष्ट सांगितले आहेत की त्यात मताला जागाच नाही.

आम्ही गणित मांडले. अम्मीचा आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाला दोन वाटे, मुलीला एक. एका एकराचे ४० गुंठे. त्यात अम्मीचे ५, आम्हा दोघांचे १४-१४ आणि आपाचे ७. बेरीज बरोबर ४०, एक फूटही इकडेतिकडे नाही. चार एकरांत आपाचे २८ गुंठे होतात. वारसनोंद झाली, मोजणी झाली, सातबाऱ्यावर तिचे नाव लागले.

अवघड भाग पुढेच होता. २८ गुंठे, पण कुठले? रस्त्यालगतच्या तुकड्याला वेगळी किंमत आहे. प्लॉट पाडणारे दलाल त्याच्यावर केव्हापासून डोळा ठेवून होते, आणि आमच्यातल्या धाकट्याच्या मनात तिथे घर बांधायचे होते. तीन महिने हा विषय जेवताना निघायचा आणि जेवण गार व्हायचे. शेवटी आधी कोणी निवडायचे यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. मोहल्ल्यातल्या एका लहान मुलाने पहिली चिठ्ठी उचलली, ती आपाची निघाली. तिने रस्त्यालगतचे, शेडसहचे २८ गुंठे मागितले. धाकट्याने मान हलवली. त्याला वाईट वाटले नाही असे आम्ही म्हणणार नाही.

मग आपाने सांगितले की या जागेवर तिला घोड्यांचा तबेला बांधायचा आहे आणि मुलांना घोडेस्वारी शिकवण्यासाठी रिंगण करायचे आहे.

घरात थोडा वेळ कोणीच बोलले नाही. आपा आजोबांच्या टांग्यात पुढे बसून मोठी झालेली, घोड्याच्या नालेचा आवाज ऐकून कुठला पाय दुखतो ते सांगणारी. तिची मुलगी चार वर्षे घोडेस्वारी शिकलेली. पण छंद वेगळा आणि धंदा वेगळा. अम्मीने तर वेगळाच प्रश्न विचारला. प्रेषितांच्या (स.) एका हदीसमध्ये घोडा पाळणाऱ्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत. एकासाठी घोडा पुण्य ठरतो. दुसऱ्यासाठी तो झाकण ठरतो, म्हणजे तो कमावतो, हात पसरत नाही आणि त्या जनावरावरचा अल्लाहचा हक्क ओळखतो. तिसरा दिखाव्यासाठी आणि गर्वासाठी घोडा बाळगतो, त्याच्यासाठी तो ओझे ठरतो. अम्मी म्हणाली, “तुझा घोडा या तिघांतला कुठला, ते आधी सांग. मग वीट ठेव.”

प्रश्न नेमका होता. नाशिकच्या आसपास हौशी फार्महाऊसवर घोडे दिसतात, लग्नाच्या हंगामात त्यांचे व्हिडिओ फिरतात आणि उन्हाळ्यात त्यांच्या बरगड्या मोजता येतात. आपाने उत्तरादाखल वहीच पुढे केली. महिन्याचा चारा, चंदी, नालबंद, डॉक्टर, मोतद्दाराचा पगार, किती मुले आली तर खर्च निघेल, सगळे लिहिलेले. खाली एक ओळ होती: चार घोड्यांच्या वर नाही. अम्मीने वही दोनदा वाचली आणि चष्मा काढून ठेवला. तिच्या भाषेत त्याचा अर्थ होकार.

कोणी विचारेल, आजच्या काळात घोडा कशाला? मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा असल्याचा निकाल उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. त्यात आपल्या समाजातल्या बऱ्याच घरांची रोजी होती, त्यांचे हाल झाले. तरी टांगेवाल्याची नातवंडे असून निकालाचे आम्हाला वाईट वाटले नाही. डांबरावर, हॉर्नच्या गर्दीत, कोंदट जागेत उभे राहणे हे घोड्याचे जगणे नव्हे. शिकवण्याचे काम मात्र अजून शिल्लक आहे. आपल्या शहरात पोलीस अकादमीत आणि भोसला मिलिटरी स्कूलमध्ये घोडेस्वारी शिकवतात, पण गावातल्या सर्वसाधारण पोराला घोड्यावर बसायचे तर लग्नच करावे लागते!

व्याजाचे कर्ज काढायचे नाही हे आपाचे आधीच ठरलेले. आम्ही दोघांनी कर्ज-ए-हसना दिले आणि ते दोन साक्षीदारांसमोर लिहून घेतले. भावाबहिणीत कसले कागद, असे लोक म्हणतात. कुरआनातली सगळ्यात मोठी आयत देण्याघेण्याचे लिहून ठेवण्याविषयी आहे, आणि त्यात भावाबहिणींना सूट नाही. पैसे तुटक तुटक येत गेले तसे काम तुटक तुटक झाले. चौदा महिने लागले.

बाग काढली तेव्हा लोखंडी अँगल आणि तारांचा ढीग पडला. शेजारचे पाटील म्हणाले, कुंपणाला याच तारा ओढा, फुकटात काम. आपा नको म्हणाली. घोड्याला बारीक तार नीट दिसत नाही. बिचकून पळाला की तारेत पाय अडकतो आणि चामडी हाडापर्यंत फाटते. तारा भंगारात गेल्या. अँगल छपराला कामी आले. कुंपण निलगिरीच्या बल्ल्यांचे केले.

तबेल्यात चार ठाणे, प्रत्येकी १२ बाय १२ फूट. एवढ्या जागेत घोडा वळतो, लोळतो आणि भिंतीला अडकून न पडता उठतो. आमच्याकडे पाऊस पश्चिमेकडून येतो, म्हणून ती भिंत भरीव, वर फक्त झरोके. दारे पूर्वेला, चार फूट रुंद आणि दोन भागांत उघडणारी, म्हणजे खालचे बंद ठेवले तरी जनावराला मान बाहेर काढता येते. घोड्याला एकटे कोंडले की तो भिंत चावायला लागतो, त्याला शेजारी दिसावा लागतो. मिस्त्रीला कोबा करायचा होता, पण कोब्यावर नाल घसरते. शेवटी मुरूम धुम्मस करून त्यावर रबरी मॅट टाकल्या आणि मुताला उतार दिला. अंथरायला इगतपुरीकडून भाताचा पेंढा येतो. वरच्या झरोक्यांना जाळ्या मोतद्दाराने हट्टाने बसवून घेतल्या, कारण उसातला बिबट्या आमच्या भागात गोष्टीतला नाही.

रिंगण मात्र सगळ्यांना वाटले त्यापेक्षा जड गेले. २० बाय ४० मीटर म्हणजे जवळजवळ आठ गुंठे. आमची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि अशा भेगेत घोड्याचा पाय गेला तर संपले. फूटभर माती काढून बागेत टाकली. खाली सहा इंच मुरूम, रोलरने दाबलेला. हिशेबाने ४३ ब्रास, दाबल्यावर बसतो म्हणून लागला पन्नासच्या वर. वीस मीटरच्या रुंदीत आठ इंच उतार, पाणी एका बाजूने निघून जाण्यासाठी. त्यावर तीन इंच धुतलेली जाड वाळू. हौशी लोकांना वाटते, जितकी वाळू जास्त तितके चांगले. खोल वाळूत घोड्याच्या पायाच्या शिरा ताणल्या जातात आणि एकदा का शीर धरली की महिनोन्महिने तो उभाच.

शेजारच्या द्राक्षांचे काय? छाटणीनंतर फवारणीचा ब्लोअर सुरू झाला की औषध वाऱ्याबरोबर येते. पाटील आता आदल्या संध्याकाळी निरोप देतात आणि आपा घोडे मागच्या बाजूला नेऊन बांधते, चारा झाकते. घोड्याला उलटी होत नाही. पोटात वाईट गेले, बुरशीचा कडबा जरी गेला, तरी पोटशुळाने तो रात्रीत जाऊ शकतो. म्हणून चाऱ्याच्या खोलीची किल्ली आपाकडेच असते.

घोडे घ्यायला आम्ही दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याला गेलो. तापीकाठची ही यात्रा दत्ताची आणि बाजार घोड्यांचा. राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेशातून व्यापारी उतरतात. तिथे कान दिला की मजा वाटते. लगाम, जीन, खोगीर हे शब्द फारशीतून आले, रिकीब आणि नाल अरबीतून, तबेलाही अरबीतूनच. मराठी माणूस घोड्यावर बसला की निम्मे शब्द आपल्या मदरशातले बोलतो आणि त्याला पत्ताही नसतो. भीमेकाठची आपली भीमथडी घोडी मात्र बाजारात शोधावी लागतात. अलीकडे त्यांना स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे.

आपाला एक तांबडी मारवाडी घोडी आवडली. दात पाहिले, सात वर्षांची. चाल सरळ, डोळा शांत. तरी भाव पडलेला, कारण डोळ्याखाली भोवरा. हा भोवरा मालकाला रडवतो असे घोडेवाले मानतात. व्यापारी प्रामाणिक निघाला, त्याने स्वतःच दाखवला. आपाने हसून बिस्मिल्लाह म्हटले आणि ग्लँडर्सची तपासणी मागितली. शकुनापेक्षा भीती या रोगाची. तो माणसालाही होतो, त्यावर लस नाही आणि बाधित घोड्याला मारावेच लागते. अहवाल आल्यावरच पैसे दिले. दुसरे एक तट्टू मुलांसाठी घेतले. तिसरी अब्बांची म्हातारी, तिच्यावर कोणी बसत नाही. नवी दोघे तिच्याजवळ पटकन शांत झाली.

शिकवायला ६१ कॅव्हलरीतून निवृत्त झालेले एक मराठा दफादार येतात. सकाळी फज्रनंतर मुलींची तुकडी असते, ती आपाची मुलगी घेते. ओढणी आत घट्ट, वर हेल्मेट. यावरही बोलणे झालेच. मुलींनी घोड्यावर बसावे का, असे एकाने मशिदीबाहेर आम्हाला विचारले. मुलांना पोहणे, तिरंदाजी आणि घोडेस्वारी शिकवा, असे हजरत उमर (रजि.) यांच्या नावे सांगितले जाते, त्यात आम्हाला तरी मुलींची मनाई आढळली नाही. तेच गृहस्थ मागच्या महिन्यात नातीला घेऊन आले. फी कमी होईल का, विचारत होते.

पहिल्या वर्षी फीतून चारा आणि पगार निघाला, आपाला काही उरले नाही. दुसऱ्या वर्षी थोडे उरले आणि त्यातून तिने आमच्या कर्जाचा पहिला हप्ता दिला. आम्ही राहू दे म्हणालो. तिने कागद काढून समोर ठेवला आणि मागे रक्कम लिहून आमच्या सह्या घेतल्या. धाकट्याचे घर आता विहिरीच्या बाजूला उभे राहते आहे. लीद तो आपाकडून विकत घेतो, ट्रॉलीच्या भावाने, आणि दर वेळी घासाघीस करतो.

चौथे ठाण अजून रिकामे आहे. मोतद्दार त्यात पेंढा रचू पाहतो, पण आपा रचू देत नाही. कर्ज फिटले की पुढच्या सारंगखेड्याला एक भीमथडी शोधायची, असे तिचे म्हणणे. अम्मी मात्र अधूनमधून वही मागवते आणि चारच्या वर नाही ही ओळ अजून जागेवर आहे ना, ते बघते.