सायकलची मान

"मामा, ही चिमणी कसली?"

नवी सायकल घरी आणली त्याच संध्याकाळी भाच्याने विचारलं. चिमणी म्हणजे हँडलखालचे स्पेसर. सहा कडी, एकावर एक. तीन काळी चकचकीत, दोन काळी पण मळकट, एक चक्क लाल. मिळून ६५ मिलिमीटर. दुकानात जे हाताला लागलं ते चढवलेलं, आणि त्यावर चंदेरी स्टेम. सायकल तशी देखणी, पण नजर जायची ती त्या लाल कड्यावर.

कडी हवीच होती. पंचावन्नी ओलांडली तशी माझी मान कुरकुरायला लागली आणि डॉक्टरांनी सांगितलं, सायकल चालवा, पण वाकून नको. ही फ्रेम रेसवाल्यांच्या वळणाची, पुढचं नळकांडं आखूड. खरं तर उंच नळकांड्याची फ्रेम घ्यायला हवी होती. निळ्या रंगाला भुललो. आता हँडल वर आणायचं तर खाली कडी घालणं आलं.

भाच्याचा उपाय सोपा. कडी काढ, हँडल खाली घे, उरलेली नळी करवतीने उडव. तो रविवारी फोंड्याहून एका घोळक्याबरोबर जातो, मीही जाऊ लागलो होतो. तिथे कुणीतरी माझ्या सायकलला क्रेन म्हटलं. लोक हसले, मीही हसलो, पण ते लागलं. घरी येऊन चार कडी स्टेमच्या खालून काढून वर घातली. नशीब, कापायची घाई केली नाही. दोन रविवार छान दिसलो. तिसऱ्या रविवारी कुंडईच्या चढावर मागून ट्रकचा आवाज आला आणि मला वळून बघताच येईना. मान जागच्या जागी अडकली, डाव्या हाताला मुंग्या. ट्रक बाजूने निघून गेला. मी उतरलो आणि सायकल हातात धरून चढ चढलो. कडी त्याच दुपारी परत खाली.

बाबांची आठवण आली ती तेव्हा. त्यांची काळी सायकल, उंच, दांड्यांच्या ब्रेकची. त्या जातीच्या सायकलीला ही भानगडच नव्हती. हँडलचा दांडा चिमट्याच्या नळीच्या आत उतरलेला असे. वरचा बोल्ट सैल करायचा, त्यावर हातोडीचा एक ठोका, आतली पाचर सुटली की दांडा हवा तेवढा वर ओढायचा. बाहेर दिसणार फक्त गुळगुळीत पोलाद. बाबांनी नोकरीच्या वर्षांत हँडल तीनदा वर घेतलं असावं. असावं म्हणतो, कारण ते कधी बोलले नाहीत. पण त्या दांड्यावर पट्टे होते. सर्वांत वरचा पार काळवंडलेला, त्याखाली एक निस्तेज, आणि खाली दोन बोटं अजून चकाकणारा, शेवटी बाहेर आलेला. वाढत्या वयाची नोंद तिथे होती, फक्त कुणी वाचत नव्हतं.

नव्या सायकलीत तो दांडा आत जात नाही. जॉन रेडर नावाच्या अमेरिकन माणसाची ही कल्पना, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात पसरली. चिमट्याची नळीच वर येते आणि स्टेम तिला बाहेरून कवटाळतो. वरच्या झाकणाचा बोल्ट आवळला की स्टेम कड्यांवर, कडी बेअरिंगवर दाबली जातात. हलकं, मजबूत, हाताळायला सोपं. फक्त उंची आता झाकता येत नाही. आणि नळी एकदा कापली की कापली.

श्रावणात म्हार्दोळला जायांच्या पुजेला गेलो होतो. म्हाळसेच्या देवळासमोरची पितळी समई लहानपणापासून बघत आलोय. पण त्या दिवशी मी माझ्या दुखऱ्या मानेने, अगदी सावकाश, खालून वर बघितली. खाली कासव, शेंड्यावर गरुड, आणि मध्ये एकावर एक एकवीस कडी. एकवीस! आमच्या सहाच होत्या. पण तिला कुणी चिमणी म्हणत नाही. कारण साधं आहे. खालचं कडं मोठं, वरचं लहान, नजर अडखळत नाही. घरच्या समईचंही तेच. चवथीआधी घासायला सुटी केली की कळतं, ती किती तुकड्यांची असते. पण जिथे सांधा, तिथे मुद्दाम एक गाठ कोरलेली असते. सांधा दिसतो, पण नक्षी म्हणून. आपल्याकडे मडक्यांची उतरंडसुद्धा अशीच रचतात. माझ्या सायकलीवर होती ती उतरंड नव्हेच, नुसता ढीग.

मग आधी स्टेम उलटा करून बसवला. १०० मिलिमीटरचा, सहा अंशांचा स्टेम. खाली झुकलेला होता तो वर झाला आणि तेवढ्यानेच हँडल सुमारे २० मिलिमीटर चढलं. म्हणजे खाली ४५ पुरे. तेवढ्या उंचीचा एकच तुकडा कुंडईच्या वसाहतीतल्या एका लेथवाल्याकडून अॅल्युमिनियममध्ये करून घेतला. खाली हेडसेटच्या झाकणाएवढा रुंद, वर स्टेमच्या बुडाएवढा, मध्ये हलका उतार. आतलं भोक नळीच्या २८.६ मिलिमीटरपेक्षा केसभर मोठं. लेथवाल्याला एकच गोष्ट चारदा सांगितली, दोन्ही तोंडं अगदी समांतर हवीत, नाहीतर बेअरिंगवर तिरका दाब येऊन हँडल जड फिरेल. तो वैतागून म्हणाला, इथे आम्ही हेच करतो. मग तुकडा फिरत असतानाच त्याने विचारलं, "दोन रेघा मारू? नुसता पाइप वाटतो." मारल्या. समईच्या गाठीसारख्या, बारीक. सगळी शोभा त्या रेघांत आहे, आणि त्यांचे त्याने पैसेही घेतले नाहीत.

रंग दिला नाही, स्टेमशी जुळेल अशी झिलई तेवढी केली. दाबाच्या तोंडावर रंग असला तर तो चेपतो आणि पुढे खुळखुळा होतो. नळीला मात्र भरपूर ग्रीस लावलं. आपल्या खाऱ्या हवेत पोलादावर अॅल्युमिनियम एकदा धरलं की सोडत नाही. माझी नळी पोलादी म्हणून हे चाललं. कार्बनची असेल तर कंपनीने ठरवलेली स्पेसरची मर्यादा ओलांडू नका, शोभा राहू द्या बाजूला.

महिनाभर वर २० मिलिमीटरची कडी ठेवून फिरलो. मान गप्प होती. मग नळी कापली, पण दहाच. उरलेल्या दहाचं एक कडं स्टेमच्या डोक्यावर ठेवलंय. भाच्याला सगळं आवडलं, तेवढं सोडून. "तो शेंडा कशाला ठेवलास? काप ना."

मी म्हटलं, तो गरुड आहे. मान आणखी आखडली की तेच कडं वरून काढून तुकड्याच्या खाली घालायचं, पाच मिनिटांचं काम. लाल कडंही फेकलेलं नाही. खिळ्यांच्या डब्यात आहे.