पंचाची शिटी

यवतमाळजवळच्या एका खेड्यात मध्यंतरी कुस्त्यांची दंगल पाहावयास गेलो होतो. एका मल्लाने प्रतिस्पर्ध्याचा हात पाठीमागे पिरगाळला. आता गडी चीत होणार, तोच पंचाने शिटी फुंकून दोघांस सोडविले. मग काय विचारता! "लढू द्या, लढू द्या!" असा एकच गिल्ला झाला, आणि, सांगावयास लाज वाटते, त्यात आमचाही आवाज होता.

घरी येऊन आंतरराष्ट्रीय नियम चाळले. गळा धरणे वर्ज्य, हे ठाऊक होते. पण हात ९० अंशांपलीकडे पिळणेही वर्ज्य आहे. म्हणजे अलीकडे जो डाव, तोच पलीकडे इजा! हे गणित पंचाने मातीत वाकून क्षणार्धात सोडवावयाचे. वाचलेले हाड कोणास दिसत नाही. मोडलेला डाव मात्र साऱ्यांस दिसतो. २०२५ साली अहिल्यानगरास महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत चिडलेल्या मल्लाने पंचास लाथ मारली, तेव्हा वर्तमानपत्र हाती धरून आम्ही केवढा निषेध केला होता!

सोमवारी वर्गात गेलो. मातीने माखल्यामुळे त्या दिवशी ओळखू न आलेला तो गडी आमचाच विद्यार्थी निघाला. मागच्या बाकावर बसून त्याच हाताने तो टिपणे उतरून घेत होता.