आराखड्याआधीची बैठक

संग्रहालयात लोकांचा सहभाग हवा, यावर आता वाद उरलेला नाही. २४ ऑगस्ट २०२२ रोजी आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने प्राग इथे संग्रहालयाची जी नवी व्याख्या मंजूर केली, तिच्यात समुदायांचा सहभाग स्पष्ट शब्दांत आला आहे. वाद आहे तो सहभाग केव्हा मागायचा याचा. बहुतेक ठिकाणी दालनं आखून होतात, निधी मंजूर होतो आणि मग लोकांना बोलावलं जातं. ब्रिटनमधल्या १२ संग्रहालयांचा अभ्यास करून बर्नाडेट लिंच यांनी २०११ साली जो अहवाल दिला, त्यात हेच दिसलं: वर्षानुवर्षं सहभागाचे उपक्रम चालूनही लोकांना आपण फक्त मान डोलवायला बसलो आहोत असं वाटत होतं. माझं म्हणणं असं, की गटचर्चा आराखड्याच्या आधी व्हावी आणि तिच्यातून निघालेला नकारही संग्रहालयाने पाळावा.

उदाहरणार्थ, मिरचीच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचात उद्या गावाचं संग्रहालय उभं करायचं ठरलं, तर मिरचीचं दालन कुणालाही सुचेल. पण व्यापारी, शेतकरी आणि पथारीवर मिरची वाळवणाऱ्या, देठं खुडणाऱ्या बाया एकाच सभागृहात बसवल्या, तर बोलणार व्यापारी आणि ऐकणार बाया. दालनात मग आवक आणि भाव येतील. ठसका, हातांची आग आणि रोजाचा हिशेब बाहेरच राहील. म्हणून बैठका वेगवेगळ्या घ्याव्यात, अहिराणीत घ्याव्यात, भिल्ल वस्तीत भिलोरीत घ्याव्यात, आणि चर्चा चालवणारा माणूस संग्रहालयाचा नोकर नसावा. खानदेशातल्या घरोघरच्या कानबाई या देवीचंही तसंच. श्रावणात नारळाला नथ घालून मांडलेली कानबाई प्रेक्षकांना फार आवडेल. पण तिच्या प्रसादाचे रोट भाऊबंदांनीच खायचे असतात. जे घराबाहेर द्यायचं नाही, ते काचेआड मांडावं का, याचा निर्णय घरातल्या बायांनी द्यायचा. त्या नको म्हणाल्या, तर ते कपाट करू नये.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की अशा चर्चा लांबतात आणि शेवटी मोठ्या आवाजाचंच चालतं. याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रात आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने अभ्यासगट आणि ग्रामसभा वेगळी ठेवली. अभ्यासगटात कुणीही यावं, बाहेरच्यानेही माहिती मांडावी, फक्त तिथे निर्णय होत नाही. तो ग्रामसभा सर्वसहमतीने करते. वेळ लागतो खरा. पण निर्णयाचं दडपण नसल्यामुळे माणूस मोकळेपणी बोलतो, आणि सर्वसहमतीची अट असल्यामुळे आवाज चढवून काही पदरात पडत नाही. याच गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा ही पद्धत कुचकामी म्हणायला जागा नाही. संग्रहालयांनी हे दोन टप्पे जसेच्या तसे घ्यावेत.

दुसरा आक्षेप तज्ज्ञांचा, आणि तो मला जास्त वजनदार वाटतो: इतिहास काय हात वर करून ठरवायचा? नाही. धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना ब्रिटिश राजवटीविरुद्ध उभ्या राहिलेल्या साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या क्रांतिकारकांनी खानदेशातल्या साथीदारांसह चिमठाण्याजवळ लुटला, ती तारीख १४ एप्रिल १९४४ आणि रक्कम सुमारे साडेपाच लाख. हे कागदपत्रांनी ठरतं. बैठकीत त्यावर मत घ्यायचं कारण नाही. पण या लुटीचं दालन केलं, तर त्यात सातारकर नेत्यांची छायाचित्रं किती आणि खानदेशातल्या माणसांना जागा किती, हा प्रश्न कागद सोडवत नाहीत. तिथे या मुलखातल्या माणसांचं ऐकलंच पाहिजे. अशी विभागणी लोकांना समजते, फक्त ती आधी सांगावी लागते. पहिल्याच बैठकीत जागा किती, पैसा किती आणि काय आधीच ठरून गेलंय हे मांडावं. झालेल्या चर्चेचं टिपण त्याच गटाला त्याच्या बोलीत वाचून दाखवावं आणि चुकलं असेल तर तिथेच दुरुस्त करावं. वास्तुरचनाकाराला बोलवायचं ते त्यानंतर.