पांढरा ओटा

वडाळ्याच्या आमच्या जुन्या चाळीतला ओटा काळ्या कडप्प्याचा होता. चाळ पाडून इमारत उभी राहिली, नव्या घराची चावी हातात आली आणि पहिला वाद झाला तो ओट्यावरून. मुलीला पांढरा ओटा हवा होता. अम्मी म्हणाल्या, "पांढऱ्यावर हळद सांडली, कोकमाचं आगळ सांडलं की जन्मभर दिसेल. कडप्प्यानं चाळीस वर्षं तक्रार केली नाही."

आंध्रातल्या कडपा जिल्ह्यावरून नाव पडलेला हा दगड तसा चुनखडीच्या जातीचा. चिरलेले लिंबू ठेवले की त्यावर पांढुरका डाग उठतो. ईदच्या आदल्या दिवशी ओट्याला तेल पुसून तो डाग झाकायचा, ही आमच्या घरची जुनी रीत. कडप्प्यावर आमचा राग नव्हता. अडचण होती उजेडाची. नव्या घरात स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडते, दुपारी दोनलाही दिवा लावावा लागतो. अम्मींच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे व्हायचे आहे. काळ्या दगडावर त्यांना सुरीची धार दिसत नाही. हे त्यांनी स्वतः कधी सांगितले नाही, बोटाला पट्टी दिसली तेव्हा आम्हाला कळले. मग मात्र पांढरा ओटा ही केवळ हौस राहिली नाही.

पांढरा म्हणजे कोणता? आम्हाला वाटले होते, संगमरवर. पण संगमरवरही चुनखडीचाच सोयरा. लिंबू, चिंच, दही त्यालाही खाते. दगडाच्या गोदामात आम्हाला क्वार्टझाइट दाखवला गेला. हा वाळूच्या खडकापासून बनतो. जमिनीच्या पोटात प्रचंड उष्णता आणि दाब सोसून वाळूचे कण एकमेकांत घट्ट मिसळतात. कठीणपणाच्या मोजपट्टीवर संगमरवर ३ वर, काच साधारण साडेपाचवर आणि क्वार्टझाइट ७ वर. आंबटाने त्याला काही होत नाही, गरम तवाही तो सोसतो.

पण नावांचा घोळ इथूनच सुरू होतो. क्वार्ट्झ आणि क्वार्टझाइट ही नावे सारखी वाटली तरी वस्तू वेगळ्या. क्वार्ट्झच्या नावाने विकली जाणारी पांढरीशुभ्र लादी कारखान्यात बनते. दगडाचा चुरा रेझिनमध्ये घट्ट बसवून ती तयार होते, आणि तापलेल्या भांड्याने ते रेझिन करपू शकते. क्वार्टझाइट खाणीतून निघतो. 'सॉफ्ट क्वार्टझाइट' म्हणून जे दाखवतात, ते पुष्कळदा संगमरवराच्याच जातीचे असते. खरा क्वार्टझाइट सॉफ्ट नसतोच. आणखी एक गंमत. 'ताजमहाल' नावाचा महागडा क्वार्टझाइट येतो ब्राझीलहून. आग्ऱ्याचा ताजमहाल मात्र राजस्थानातल्या मकरान्याच्या संगमरवराचा. अजमेर शरीफला रस्त्याने गेलेल्या वाचकांनी वाटेत किशनगडला दगडांच्या उभ्या रांगा पाहिल्या असतील. देशातला केवढा तरी दगड तिथे विकला जातो. तिथे काय आणि मुंबईत काय, नावावर जाऊ नये, हे आम्ही शिकलो.

गोदामवाल्याने तीन पांढऱ्या लाद्या दाखवल्या आणि तिन्हींना क्वार्टझाइटच म्हटले. आम्ही तिन्हींचे हाताएवढे तुकडे मागून घरी आणले. अम्मींनी त्यांची परीक्षा घेतली. प्रत्येकावर लिंबू पिळून अर्धा तास ठेवले. एका तुकड्याची चमक गेली, बोट फिरवले तर खरखरीत लागला. तो संगमरवर निघाला. मग सरबताच्या रिकाम्या बाटलीवर तुकड्यांचे कोपरे जोराने घासले. एकाने काचेवर स्पष्ट ओरखडा काढला, तर संगमरवर काचेवरून नुसता घसरत गेला. तिसऱ्यानेही काच ओरखडली, पण त्याच्या कापलेल्या कडेला सगळे कण एकसारखे दिसत होते आणि त्याच्यावर गरम कढई ठेवली तर तपकिरी वर्तुळ उमटले. तो कारखान्यातला होता. उरला एक.

त्याच्यावर पाण्याचे थेंब टाकले. दहा मिनिटांत खाली दगड किंचित गडद झाला, म्हणजे तो थोडे पाणी पितो. रात्रभर हळद ठेवली, तर सकाळी फिकट पिवळी सावली राहिली. अम्मींनी आमच्याकडे पाहिले, "मी काय सांगत होते?" त्यांचे चुकीचे नव्हते. क्वार्टझाइट कठीण असला तरी त्यात बारीक छिद्रे असू शकतात. म्हणून त्याला सीलर लावावे लागते आणि ठरावीक काळाने पुन्हा लावावे लागते. सीलर लावलेल्या तुकड्यावरची हळद आम्ही तासाभराने पुसली, ती निघाली. अम्मी म्हणाल्या, "ठीक आहे. पण बकरी ईदचं मटण लाकडी ठोकळ्यावरच तोडायचं."

सौदा ठरला. ओटा, त्यामागची पूर्ण भिंत, खिडकीची चौकट आणि हॉलमधले एक कपाट, सगळे त्याच दगडाचे. भाव ग्रॅनाइटच्या दुपटीहून जास्त होता. एकदाच तर करायचे आहे, असे आम्ही स्वतःला समजावले.

खिडकीच्या पट्ट्या आधी आल्या. कारागीर पंचविशीचा, राजस्थानचा. त्याने आमच्या पॅसेजमध्ये पट्टी टेकवली, तोंडाला रुमाल बांधला आणि कोरडाच कटर चालू केला. क्षणात पॅसेज पांढरा झाला. त्याचे केस, भुवया, पापण्या पांढऱ्या झाल्या. आम्ही दार लावून आत बसलो. तो बाहेर होता.

दुपारी अम्मींनी त्याला जेवायला बोलावले. जेवताना तो खोकत होता. अम्मींनी विचारले, "बेटा, खोकला कधीपासून आहे?" तो हसला. म्हणाला, "अम्मा, ये तो कुछ नहीं. अब्बा को देखिए." त्याचे वडील खाणीत दगड फोडायचे. पन्नाशीही झालेली नाही, पण दोन जिने चढवत नाहीत. टीबीची औषधे दोनदा झाली. मग कोणी तरी सांगितले, हा टीबी नाही, दगडाची धूळ आहे.

या आजाराचे नाव सिलिकोसिस. दगडातल्या सिलिकाची डोळ्यांना न दिसणारी धूळ फुप्फुसात जाऊन बसते, तिथे व्रण होतात आणि ते बरे करणारे औषध नाही. अशा माणसाला टीबी होण्याचा धोकाही वाढतो. संगमरवरात सिलिका अगदी थोडी असते. क्वार्टझाइट मात्र बहुतांश सिलिकाच. ज्या कठीणपणासाठी आम्ही त्याला निवडले, तो त्याच्या छातीत जात होता. साधा रुमाल ही धूळ अडवत नाही.

जगाला हे ठाऊक नाही असे नाही. कारखान्यात बनणाऱ्या दगडावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून बंदी घातली, ती हा दगड कापणाऱ्या कामगारांना सिलिकोसिस होऊ लागल्यामुळे. राजस्थान सरकारने २०१९ मध्ये अशा रुग्णांसाठी धोरण केले. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यातही सिलिकोसिस हा कळवायलाच हवा असा आजार होता. पण वडाळ्याच्या एका इमारतीच्या पॅसेजला कोण कारखाना म्हणणार?

त्या रात्री घरात पांढऱ्या रंगावर नव्हे, या धुळीवर बोलणे झाले. मुलगी म्हणाली, कडप्पाच लावू. अम्मी म्हणाल्या, "कडप्पा काय आपोआप कापला जातो?" दगड नाकारला तर त्या मुलाचे काम जाणार होते; घेतला तर धूळ. शेवटी आम्ही हिशेब पुन्हा मांडला. भिंत, चौकटीचे उरलेले काम आणि कपाट यांची गरज होती का? ती हौस होती, आपल्याकडे जिला इस्राफ म्हणतात तीच. ते सगळे काढून टाकले. भिंतीला साध्या पांढऱ्या टाइल्स लावल्या. क्वार्टझाइट राहिला फक्त ओट्याला, नऊ फूट लांब आणि दोन फूट रुंद. वीस मिलिमीटर जाडीच्या लादीचे वजन चौरस फुटाला पाच किलोच्या आसपास, म्हणजे सुमारे नव्वद किलो दगड.

आणि अट घातली की सिंकचे आणि शेगडीचे भोक धरून सगळी कापणी गोदामातल्या पाण्याच्या मशीनवर होईल. पाण्याखाली कापले की बहुतेक धूळ उडायच्या आधीच चिखल होऊन खाली बसते. गोदामवाला म्हणाला, असे कोणी मागत नाही, खर्च वाढेल. वाढला. भिंतीचा जो दगड वाचला, त्यातून तो भागला. कारागिराला आम्ही चांगला मास्क आणून दिला. त्याने तो घातला, दोनदा काढला, गरम होते म्हणाला, पुन्हा घातला. छातीचा एक्स-रे काढ म्हणून सांगितले, वडाळ्यातला दवाखानाही दाखवला. तो गेला की नाही, आम्हाला माहीत नाही. फोन केला तेव्हा तो दुसऱ्या कामावर होता आणि मागे कटरचा आवाज येत होता.

ओट्याला आता वर्ष झाले. अम्मी त्यावर तांदळाच्या भाकरीचे पीठ मळतात, सुरी त्यांना दिसते. आगळाचा एक डाग पडला होता, वेळीच पुसला म्हणून निघाला.

वाचकांपैकी कोणाच्या घरी ओटा बदलायचा असेल, तर तुकडा मागा, लिंबू पिळा, काचेवर घासून पाहा. दगड फसवा निघाला तर नुकसान पैशाचे. पण मग एक प्रश्न दुकानदाराला जरूर विचारा: हा कापणार कुठे, आणि पाण्याने की कोरडा? हा प्रश्न आम्ही पहिल्या दिवशी विचारला नाही. त्या पट्ट्या आमच्या खिडकीला अजून आहेत.