हजारातले दोन

इचलकरंजी

चि. बाळ,


परवा दाजींनी मला कारखान्यावर बोलावून घेतलं. मागांच्या खडखडाटात कानाशी तोंड आणून विचारलं, "कॉलेजची फी भरली, आता ह्या आणखी परीक्षा कसल्या? आणि एवढं करून पोरगी होणार कोण?" त्या आवाजात काय सांगणार? म्हणून तुलाच सविस्तर लिहितोय. सुट्टीत आलीस की तूच त्यांना सांग.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. बी.कॉम. झाला म्हणून कोणी सीए होत नाही, तसंच हे. तुझ्या पदवीत संभाव्यता, संख्याशास्त्र, चक्रवाढ व्याजाचं गणित, अर्थशास्त्र सगळं येईल. पण ॲक्च्युअरी, म्हणजे विम्यातल्या जोखमीचं गणित मांडणारा तज्ज्ञ, म्हणून सही करायची तर इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडियाच्या परीक्षा द्याव्याच लागतात. 1944 मध्ये निघालेल्या ॲक्च्युअरियल सोसायटीचं 2006 च्या कायद्यानं झालेलं हे रूप. बारावीनंतर इन्स्टिट्यूटची प्रवेश परीक्षा देता येते, मग एकेक पेपर सोडवत आधी असोसिएट, नंतर फेलो. बहुतेक जण नोकरी करता करताच हे पेपर देतात, आणि हुशार मुलंही एखाद्या पेपरात अडकून बसतात. तेव्हा तीन वर्षांत सगळं उरकेल असा शब्द घरी देऊ नकोस.

दुसऱ्या प्रश्नासाठी दाजींच्या मागांची देखभाल करणाऱ्या जॉबरचंच उदाहरण घे. दरवर्षी मे अखेरीस त्याच्या खात्यातून जीवन ज्योती विमा योजनेचे 436 रुपये कापले जातात. वर्षात त्याचं काही बरंवाईट झालं तर घरच्यांना 2 लाख. आता अशी हजार माणसं धर. जमा झाले 4 लाख 36 हजार. दोघे गेले तर 4 लाख देऊन 36 हजार उरतात, त्यातूनच खर्च भागवायचा. तिसरा गेला की 1 लाख 64 हजारांचा खड्डा. हजारात दोन की तीन, एवढ्यावर सगळा डोलारा!

शिवाय 18 ते 50 वयाच्या सगळ्यांना हप्ता एकच. म्हणजे विशीतला, सुताच्या कांड्या भरणारा कांडीवाला पन्नाशीतल्या जॉबरचा भार उचलतो. उद्या तरण्या पोरांनी "आपल्याला काय होतंय" म्हणत नावं काढली, तर मागे वयस्क तेवढे उरतील आणि तोच हप्ता अपुरा पडेल. आजारी पडल्यावर कोणी धावत येऊन नाव घालू नये म्हणून पहिले 30 दिवस अपघाताखेरीज दावा मिळत नाही. 2015 मध्ये ही योजना आली तेव्हा हप्ता 330 होता. दावे अंदाजाबाहेर आले आणि 2022 मध्ये तो वाढवावा लागला. हे आधी ओळखणं, निदान वेळेत सांगणं, हे तुझं काम. कोण कधी मरणार ते ज्योतिषी सांगोत; दिलेला शब्द पाळायला पुरेसे पैसे बाजूला आहेत का, एवढं तू सांगायचं.

असे शब्द आपल्याकडे पूर्वीपासून दिले गेलेत. साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुल्यांनी 1913 मध्ये वेस्टर्न इंडिया ही आयुर्विमा कंपनी काढली. पण सगळ्याच कंपन्या नेकीच्या नव्हत्या. काहींनी हप्ते घेतले, पैसे राखले नाहीत. 1956 मध्ये चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं, 245 संस्था एकत्र करून एलआयसी उभी राहिली. 2000 नंतर खासगी कंपन्या परत आल्या. आज प्रत्येक विमा कंपनीला नियुक्त ॲक्च्युअरी ठेवावाच लागतो.

पण वाटा विम्यापुरत्याच नाहीत. आपल्याकडच्या सूतगिरण्या, साखर कारखाने, बँका घे. 26 हजार पगाराच्या माणसानं 20 वर्षं नोकरी केली तर ग्रॅच्युइटी 3 लाख होते. असे शेकडो कामगार. त्यातले किती टिकतील, पगार किती वाढेल, आज किती रक्कम राखून ठेवायची, याचं मूल्यांकन ताळेबंदासाठी ॲक्च्युअरीच करतो. पीक विमा आहे, आरोग्य विमा आहे, विमा कंपन्यांचाच विमा उतरवणारी मुंबईची जीआयसी आहे, पुण्या-मुंबईत बसून परदेशी कंपन्यांचे हिशेब करणारी कार्यालयं आहेत. आणि फेलोपर्यंत नाही पोचलीस तरी संख्याशास्त्र वाया जात नाही. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात त्यात एम.एस्सी. करता येते. पुणे विद्यापीठात शिकवलेल्या शैलजा देशमुख यांचं ॲक्च्युअरियल संख्याशास्त्रावरचं पुस्तक मिळव. संगणकावर 'आर' ही संख्याशास्त्राची भाषा घेऊन त्यातली उदाहरणं सोडव.

एक गोष्ट मात्र पुस्तकात नाही. तुमच्या हातात 2012-14 चं मृत्युमान कोष्टक येईल. ते विमेदारांच्या अनुभवावरून बनलंय. ज्यानं पॉलिसीच घेतली नाही तो त्यात कुठून येणार? रात्रपाळीत कापसाची धूळ गिळत पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या हिशेबानं, मजुरी घेणारा, मस्टरवर नाव नसलेला आपला कामगार त्या रकान्यांत शोधून बघ. पंचगंगेचंही तेच. 2005 चा पूर, मग चौदा वर्षांनी 2019, आणि लगेच 2021. सूत भरलेल्या गोदामाचा हप्ता ठरवताना यातलं कोणतं अंतर धरशील? सरासरी काढून मोकळं होता येत नाही. आकडा कुठून आला आणि कोण त्यातून सुटला, हे विचारायची सवय आत्तापासून लाव. पुरात घर रिकामं केलेल्या मुलीला तो प्रश्न सुचायला हवा.

पगाराबद्दल तू विचारलंस. चांगला असतो, पेपर सुटतील तसा वाढतो. पण एक दिवस विक्रीवाले येऊन म्हणतील, "मॅडम, हप्ता थोडा खाली आणा, बाजार आपलाच आहे." त्या वेळी कागद मांडून "या हप्त्यात तिसऱ्या घराला पैसे पुरणार नाहीत" असं सांगता आलं पाहिजे, आणि नाही ऐकलं तर सही नाकारता आली पाहिजे. दाजींना सांग, पोरगी हे होणार आहे. त्याला वर्षं लागतात, म्हणून परीक्षा जास्त.

तुझा,
मामा