बरं, नाईस!

गच्चीत वाळत घातलेल्या कुरडयांचा फोटो भाच्याला पाठवला. खाली धोतरावर त्यांच्या जाळीदार सावल्या पडलेल्या, कोपऱ्यात कावळ्यांच्या राखणीला बसलेली बायको डुलक्या काढतेय. उत्तर आलं, 'नाईस.' आदल्याच दिवशी यानं कुणाच्या नव्या गाडीला, कुणाच्या बारशाला आणि एका पंचाहत्तरीलाही 'नाईस'च म्हटलं होतं.

चिडून कोश काढला. मूळ लॅटिन 'नेस्कियस', म्हणजे अजाण. इंग्रजीत १३००च्या सुमारास कुणाला 'नाईस' म्हणणं म्हणजे चक्क मूर्ख म्हणणं. मग तो शब्द चोखंदळ झाला, काटेकोर झाला. 'नाईस डिस्टिंक्शन' म्हणजे बारीक भेद, हा अर्थ अजून तग धरून आहे. अठराव्या शतकात तो 'छान' झाला आणि तिथंच बिघडला. जेन ऑस्टिन गेल्यावर, १८१७च्या अखेरीस आलेल्या 'नॉर्दँगर ॲबी'त हेन्री टिल्नी कॅथरीनला यावरूनच छेडतो: पुस्तक नाईस म्हणजे बांधणी नीटस असणार!

शेजारपाजार तरी किती! 'प्लेझंट' हवेला शोभतो. 'चार्मिंग'च्या मुळाशी 'कार्मेन', मंत्रगीत. 'चार्मिंग' माणसापासून जपून राहावं. 'लव्हली' मला आवडतो, त्याच्या पोटात माया आहे.

आमच्या आत्याचं मात्र एका 'बरं'वर भागायचं. लांबवलेलं 'बरंऽ' म्हणजे पुढं बोल. तोडून टाकलेलं 'बरं' म्हणजे विषय संपला, ऊठ. 'बरं का' आलं की आम्ही कान टवकारायचो, कारण पाठोपाठ कुणाची तरी भानगड यायची. 'बरा सापडलास' म्हटलं की दळणाचा डबा डोक्यावर. 'बरं वाटत नाही' म्हणून ती कधी निजली नाही, पण दुसऱ्याची खोड मोडली की 'बरं झालं' अगदी चवीनं म्हणायची. आणि स्थळं! 'मुलगी बरी आहे' म्हणाली की ते स्थळ मोडलं. 'बरी आहे की!' म्हणाली की सुपारी फुटली. त्या एका 'की'वर आमच्या घरातली चार लग्नं झाली, त्यातलं एक माझं.

लग्नानंतरच्या पहिल्या होळीला बायकोनं पुरणपोळी केली. आत्यानं घास घेतला. 'बरी झालीय,' म्हणाली. बायकोचा चेहरा उतरला.

तिसरी पोळी आत्यानं मागून घेतली.