नेपल्सच्या गल्लीतील एक जेवण

दक्षिण इटलीतील नेपल्स शहरात पाऊल ठेवताच भारतीय प्रवाशाला फारसे परके वाटत नाही. गल्लीवर वाळत घातलेले कपडे, दुचाकींचे कर्णे, दुकानदारांच्या आरोळ्या, सारे ओळखीचे. जुन्या शहरातील 'विया देई त्रिबुनाली' हा रस्ता प्राचीन ग्रीकांनी आखलेल्या मार्गावरच आजही उभा आहे, आणि त्याच्या दुतर्फा पिझ्झाची लहानमोठी दुकाने आहेत. येथे पाच ते आठ युरोंत एका माणसाचे पोटभर जेवण होते. युरोपच्या मानाने हा दर स्वस्तच म्हणावा लागेल.

पिझ्झा हे मूळचे गरिबाचे अन्न. ते चौघडी घालून हातात देत आणि मजूर ते रस्त्यातच खात. या धंद्यात उधारीचीही एक रीत होती. 'आज खा, आठव्या दिवशी पैसे द्या' अशा बोलीने पिझ्झा विकला जाई. १९५४ साली आलेल्या 'लोरो दि नापोली' या चित्रपटात सोफिया लॉरेनने अशाच पिझ्झावालीची भूमिका केली आहे. ना तारण, ना जामीन, केवळ तोंडओळखीवर आठ दिवसांची मुदत! आपल्याकडील जुन्या पेढ्यांना हा व्यवहार चटकन उमजेल.

जूनच्या अखेरीस सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याच्या घरातील आजी, मुलगा व सून अशी तिघे या रस्त्यावर आली होती. नातू येथील विद्यापीठात शिकतो. आजींचे नियम तीन: कंदमूळ नाही, सूर्यास्तानंतर अन्न नाही आणि प्राणिजन्य काही नाही. दुसरा नियम इटलीत सर्वांत अवघड. तेथील बहुतेक भोजनालये दुपारी बंद होतात ती संध्याकाळी सातच्या सुमारास उघडतात. डिसेंबरात सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, तेव्हा हा मेळ बसणे शक्यच नाही. जूनमध्ये मात्र सूर्यास्त साडेआठनंतर. म्हणून नातवाने सातच्या ठोक्याला सर्वांना दारात उभे केले होते.

नातवाने मोठ्या हौसेने 'मार्गेरिता' सुचवला: टोमॅटो, मोझारेला चीज, तुळशीच्या जातीची पाने. अंडे नाही, मांस नाही. आजींनी एवढेच विचारले, "चीज कशाने नासवतात रे?"

नातू निरुत्तर झाला. त्याने भट्टीजवळच्या कारागिराला विचारले. उत्तर आले, "काल्यो." म्हणजे वासराच्या जठरातून काढलेला रस. इटलीतील पारंपरिक चीज बहुधा याच रसाने बनते. पार्मिजानो रेज्जानोच्या बाबतीत तर तो नियमानेच बंधनकारक आहे. उत्तर मराठीत सांगताना मुलाचा आवाज खाली गेला. वर्षभर तो आठवड्यातून दोनदा हाच पिझ्झा खात होता आणि घरी फोनवर "शुद्ध शाकाहारी आहे, आजी" असे सांगत होता. सून काही बोलणार होती. आजींनी तिला हातानेच थांबवले. "तुला ठाऊक नव्हतं ना? झालं तर. आता ठाऊक झालं."

वाट निघाली ती 'मारिनारा'मधून. नाव समुद्राशी जोडलेले असले तरी त्यात मासा नसतो. टोमॅटो, ओरेगॅनो, ऑलिव्ह तेल आणि लसूण, बस्स. चीज मुळातच नाही. प्रश्न उरला लसणाचा. लसणाशिवाय मारिनारा म्हटल्यावर कारागिराने भुवया उंचावल्या. आपल्याकडे फोडणीशिवाय आमटी मागावी तसेच ते झाले. तरी त्याने हात धुतले, लसणाचे भांडे बाजूला सारले आणि नवा गोळा घेतला. किमान आठ तास आंबवलेले हे पीठ ज्यांना वर्ज्य आहे, त्यांना मात्र हाही मार्ग बंद. आजींच्या घरी पाव चालतो. पीठ थापण्यासाठी लाटणे नाही, केवळ बोटे. ४०० अंश सेल्सिअसपलीकडे तापलेल्या लाकडाच्या भट्टीत दीड मिनिटाच्या आत पिझ्झा तयार. या कलेला युनेस्कोने २०१७ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

"थालीपिठासारखं आहे," आजी म्हणाल्या आणि अर्धा पिझ्झा संपवला. नातवाने स्वतःसाठीही तोच मागवला.

बिलात प्रत्येकी दीड युरो 'कोपेर्तो' लावलेला पाहून मुलगा हिशेब तपासू लागला. तो बसण्याचा व पावाचा आकार, इटलीत सर्रास घेतला जातो. "बसायचेही पैसे?" आजींना हे मुळीच पटले नाही. परंतु शेजारच्या कॉफीच्या दुकानातील दुसरी रीत त्यांनी दोनदा समजावून घेतली. तिचे नाव 'काफे सोस्पेसो'. गिऱ्हाईक एक कॉफी पिते व दोनचे पैसे देते. दुसरी कॉफी पुढे येणाऱ्या एखाद्या गरजूची. देणारा आणि घेणारा एकमेकांना कधी पाहत नाहीत.

आजींनी बटव्यातून नाणी काढून नातवाच्या हाती दिली आणि त्याला आत पाठवले. स्वतः बाहेर उभ्या राहून त्यांनी बाटलीतले पाणी प्यायले, चूळ भरली आणि हात जोडून चौविहाराचे पच्चक्खाण घेतले. समोरच्या घुमटावर ऊन अजून होते.